शेवटचा हात

सरांनी आमचं मागचं दार दुरुस्त केलं, तेव्हापासून ते लागत नाही.

तसं आधी ते नुसतं घासायचं. इकडची हवा बाराही महिने ओलसर, लाकूड फुगतं, मग खांद्याने जरा रेटावं लागायचं, एवढंच. सरांनी एका संध्याकाळी रंधा आणला, दाराची कड तासली आणि दार अलगद लागलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी चहा टाकायला आत वळले, तेवढ्यात मागून आवाज आला, "एक शेवटचा हात फिरवतो, म्हणजे एकदम परफेक्ट होईल." चहाला उकळी येईपर्यंत दार आणि चौकट यांच्यामधून माझं बोट आरपार जायला लागलं होतं. आयर्लंडमधल्या आमच्या या डंडॉकला समुद्र जवळ आहे. त्याचा वारा तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात न विचारता येऊन बसतो.

यावरून सर वाईट कारागीर होते असं मात्र कोणी समजू नये. त्यांचं काम नेहमी उत्तमच व्हायचं. झाल्यावर ते बिघडवायचे.

सर म्हणजे डब्लिनमधले माझे मॅनेजर. खरं तर आयर्लंडमध्ये कोणी कोणाला सर म्हणत नाही, कंपनीच्या मालकालासुद्धा नावाने हाक मारतात. पण मी पडले नागपूरची. वयाने मोठ्या, व्यवस्थित भांग पाडलेल्या आणि शर्ट खोचलेल्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना. पहिल्याच दिवशी माझ्या तोंडून 'सर' गेलं. "अगं, नावाने हाक मार, इथे तसंच असतं," असं ते म्हणाले खरे, पण चेहरा असा काही खुलला की पुढे टीममधले सगळे मराठी लोक त्यांना सरच म्हणायला लागले.

मी टेस्टर. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या हे माझं काम. टेस्टरने 'सगळं ठीक आहे' म्हटलं की मॅनेजरने खूश व्हावं आणि माल ग्राहकाच्या पदरात टाकून मोकळं व्हावं, अशी जगाची रीत. सरांना मात्र चूक सापडली नाही की धडकी भरायची. "इतकं कसं काय चालतंय? त्या बटणाचा रंग तेवढा बघू या का जरा?" मग रंग बदलायचा, रंगाबरोबर आतलं आणखी काहीतरी हलायचं, आणि चांगलं चाललेलं गाडं खड्ड्यात जायचं. त्या नोकरीत मी 'नसती उठाठेव' हे दोन शब्द मनातल्या मनात जितक्यांदा म्हटले, तितक्यांदा देवाचं नाव घेतलं असतं तर आज मी फार वरच्या पदाला असते.

याचं मूळ सरांच्या हुशारीत होतं. शाळेत पहिले, कॉलेजात पहिले. परीक्षेत बाकीची मुलं पेपर टाकून केव्हाच मैदानात पळालेली असायची, आणि सर आपले पुरवणीवर पुरवणी मागत बसलेले. आपल्याकडच्या परीक्षांना ते चालतं. चार ओळी जास्त लिहिल्या म्हणून कोणी मार्क कापत नाही, झाला तर अर्धा वाढतोच. "लिहिलेलं कधी वाया जात नाही," असं सर ऑफिसातही म्हणायचे. पोलादाचं तसं नसतं, हे कळायला त्यांना पन्नाशी उलटावी लागली.

एका सोमवारी आमच्या सगळ्या टीमला मीटिंगला बोलावलं, आणि मीटिंग संपली तेव्हा टीम उरली नव्हती. मला डंडॉकला ऑनलाइन पेमेंटच्या एका कंपनीत नोकरी मिळाली, आम्ही बिऱ्हाड हलवलं. बाकीचेही कुठे कुठे लागले. सरांचं काय झालं ते मात्र कोणालाच कळेना. फोन केला की "मजेत, मजेत" म्हणायचे आणि विषय बदलायचे.

फुटले ते गणपतीत. डब्लिनजवळ ल्यूकनला मराठी मंडळी हॉल घेऊन गणपती बसवतात. आरती झाली, जेवणाची रांग लागली. कोणीतरी सहज विचारलं, "मग, सध्या कुठे?"

"नासजवळ एक वर्कशॉप आहे. तिथे ॲप्रेंटिस आहे."

"अच्छा, म्हणजे तुम्ही ट्रेनिंग देता त्यांना."

"नाही, घेतो. टूलमेकर होतोय. साचे, डाय, असलं बनवणारा."

रांग पुढे सरकायची थांबली. प्रत्येकाच्या बायोडेटावर डिग्री, प्रत्येकाच्या मुलांच्या डोक्यावर डिग्रीचा धोंडा. शेवटी एकाने घसा खाकरून विचारलं, "म्हणजे... आयटीआयसारखं?"

डॉक्टर वहिनी, म्हणजे सरांची बायको, मोदक वाढत होत्या. नास गावच्याच हॉस्पिटलात त्या डॉक्टर. आवाज कधी चढत नाही. "हो, आयटीआयसारखंच," त्या म्हणाल्या. "मोदक देऊ का अजून?"

सरांची डिग्री मेकॅनिकलची होती, हे त्या दिवशी मला कळलं. कॉलेजातूनच सॉफ्टवेअर कंपनीने त्यांना उचललं. पहिल्या वर्षी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लोखंडाच्या पट्टीवर कानस चालवली होती. बाकीची पोरं तो जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, तिथल्या मदतनिसाकडून करून घ्यायची, सरांनी स्वतः केला आणि त्यातही पहिले आले. त्यानंतर मशीनशी संबंध आला तो ऑफिसातल्या कॉफी मशीनशी. इथे शिकाऊ उमेदवाराला वयाची वरची अट नाही, घ्यायला तयार असलेला मालक मिळाला की झालं, हे त्यांनी कुठेतरी वाचलं आणि ते वर्कशॉपांचे दरवाजे ठोठावत सुटले. नासच्या मालकाने बहुधा चेष्टा समजून हो म्हटलं असावं.

शिवाय सरांना एक नवं तत्त्वज्ञान सापडलं होतं, लेव्हीचं. इथे नोकरदारांच्या पगारामागे मालकांकडून सरकार प्रशिक्षणासाठी चिमूटभर लेव्ही घेतं. शिकाऊ लोक अधूनमधून वर्कशॉप सोडून काही महिने तंत्रसंस्थेत शिकायला जातात, त्याचा भार या निधीवर. "इतकी वर्षं माझ्या नावाने कंपनीने लेव्ही भरली," सर हॉलमध्ये भाषणच द्यायला लागले. "त्यातून आपल्यापैकी कोणी काही शिकलं? नाही! कारण आपण सगळे आधीच शिकलेले. आता मी माझी लेव्ही वसूल करतोय." पुढे हे त्यांचं पालुपदच झालं. वर्कशॉपने बूट दिले, लेव्ही वसूल. संस्थेच्या कँटीनमध्ये चहाबरोबर बिस्किट फुकट मिळालं, लेव्ही वसूल. एकदा वर्गात बसल्या बसल्या डुलकी लागली, तर तीही त्यांनी लेव्हीच्या खात्यात टाकली.

नासच्या वर्कशॉपमध्ये त्यांना इफा नावाच्या मुलीच्या हाताखाली दिलं होतं. केस निळे, बोलणं मोजकं, आणि सरांच्या मुलीपेक्षा थोडीशीच मोठी. टूलरूममधली ती पक्की कारागीर. सर तिच्यापुढे विद्यार्थ्यासारखे हात बांधून उभे राहायचे. गुरुपौर्णिमेला तर त्यांनी कहर केला. सकाळी मशीन सुरू व्हायच्या आत गेले आणि वाकून तिच्या लोखंडी टोकाच्या बुटांना हात लावला. इफा दोन पावलं मागे सरकली. "जीझस, काय पडलं तुझं?" असं म्हणून तीही खाली वाकून शोधायला लागली. दोघंही बराच वेळ जमिनीवर. मग सरांनी तिला गुरू म्हणजे काय ते समजावलं. इफाने ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाली, "ग्रँड. आता तो ड्रिल उचल."

हे 'ग्रँड' सरांच्या काळजाला लागायचं. इथल्या लोकांचं ग्रँड म्हणजे काही भव्यदिव्य नव्हे. ग्रँड म्हणजे ठीक आहे, चालेल, आता हात लावू नकोस. सरांनी मन लावून केलेला जॉब इफा उजेडासमोर धरायची, मोजायची आणि म्हणायची, "दॅट्स ग्रँड." सरांना वाटायचं, एवढंच? मग तिची पाठ वळली की ते पुन्हा कानस उचलायचे. पुन्हा मोजलं की जॉब भंगारात.

"युअर मॅनला काम येतं," इफा एकदा वहिनींकडे जेवायला आली होती तेव्हा माझ्यासमोर म्हणाली. इकडे 'युअर मॅन' म्हणजे तुझा नवरा नव्हे, नुसता 'हा गडी'. वरण-भात ती चमच्याने अगदी चवीने खात होती. "थांबता येत नाही फक्त. लोखंड काढता येतं, परत चिकटवता येत नाही. मी त्याला रोज सांगते." सर शेजारीच बसले होते. त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि तिच्या भातावर, ती नको नको म्हणत असताना, आणखी एक चमचा तूप सोडलं.

त्यांचं तंत्रसंस्थेतलं शिक्षण डंडॉकला निघालं, आणि सर सोमवार ते शुक्रवार आमच्या घरी राहायला आले. हा माणूस ऑफिसात मी रोज पाहिला होता, पण घरात पाहणं वेगळं. स्वयंपाकघरातला प्रेस, म्हणजे आपलं कपाट, त्यांनी डब्यांच्या उंचीप्रमाणे लावला. छान दिसायला लागला. दुसऱ्या दिवशी व्यासाप्रमाणे लावला, तेव्हापासून मला हळद सापडेना. तव्यावर पोळी टम्म फुगली की ते उलथनं घेऊन पुढे व्हायचे, "एकदा उलटतो फक्त," आणि पोळीचा पापड व्हायचा. माझा मुलगा शाळेतून आला की दारातूनच ओरडायचा, "मॅम, युअर मॅन हॅज डन द प्रेस अगेन!" त्याला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र आयरिश इंग्रजीतच येतं, त्यात आईची 'मॅम' होते.

पण एक सांगते, सरांना इतकं आनंदी मी ऑफिसात कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून ड्रॉइंगचा अभ्यास करायचे. बोटांना चिरा पडलेल्या, नखांत काळं. कधी खिशातून एखादा पोलादाचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवायचे. "बघ, कड बघ. बोट फिरव." मी बोट फिरवायचे. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण त्यांच्याकडे बघून मलाही बरं वाटायचं.

मग प्रात्यक्षिक परीक्षा आली. दोन पोलादी तुकडे द्यायचे, एकाचा दात दुसऱ्याच्या खाचेत असा बसवायचा की हाताने सरकला पाहिजे पण हलता कामा नये. सगळं कानशीने. सर नापास झाले. दात खाचेत खुळखुळत होता. पुन्हा संधी मिळाली, पुन्हा तेच. दोन्ही वेळा जॉब वेळेच्या बराच आधी तयार होता, असं त्यांनीच सांगितलं. "नुसता एक हात मारला गं," ते म्हणाले आणि पोळी न उलटता जेवले.

तिसरी संधी शेवटची. ती गेली की शिकाऊपणाचा करार संपला, आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरा कोणता मालक पुन्हा पहिल्यापासून घेणार होता? परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मला वहिनींचा फोन आला. त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा हललेला वाटला.

"अगं, घर चालायचा प्रश्न नाहीये," त्या म्हणाल्या. "ऑफिसातून काढल्यावर हा माणूस कित्येक महिने खिडकीत बसून शेजाऱ्यांचं गवत बघत असायचा. मी ड्युटीवर जाताना तसाच, आले की तसाच. आता सकाळी शिट्टी वाजवत जातो गं. ती शिट्टी बंद झाली तर मी कुठलं औषध देऊ? उद्या दुपारी तू जा त्याच्याजवळ, प्लीज. मला सुट्टी नाही."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी मसालेभाताचा डबा घेऊन संस्थेच्या कँटीनमध्ये गेले. सर कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले होते. समोर चहा, त्यावर साय धरलेली. शेजारी बिस्किटाला हातही लावलेला नव्हता.

"कसं झालं?"

"बसला."

"बसला म्हणजे?"

"बसला गं. मधून उजेड दिसत नाही. सरकतोसुद्धा."

"मग देऊन टाका ना सर!"

"देणारच आहे." त्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली. "जरासा घट्ट वाटतोय. एकाच कोपऱ्यात. शेवटचा एक हात मारला तर—"

"सर!"

बाजूच्या टेबलावरची पोरं वळून बघायला लागली. मी वहिनींना फोन लावला आणि सरांच्या हातात दिला. वहिनी बहुधा दोन पेशंटच्या मध्ये होत्या, कारण त्यांनी एकच गोष्ट विचारली, ती मलाही ऐकू आली. "बसलाय ना?"

"हो, पण अजून सगळी दुपार शिल्लक आहे."

"तीच तर भीती आहे रे," वहिनी म्हणाल्या.

सरांनी फोन ठेवला. कपाळावर घाम आला होता. मला त्यांची दया आली आणि रागही आला. असं वाटलं की आत जाऊन तो तुकडा आपणच उचलावा आणि परीक्षकाच्या टेबलावर आपटून यावं. मग सरांनी ओव्हरऑलच्या खिशातून फडक्यात गुंडाळलेली कानस काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"ही ठेव तुझ्याकडे."

"पण आत दुसऱ्यांच्या असतील की," मी म्हटलं. मॅनेजरच्या हाताखाली टेस्टरचं काम केलेली बाई, मला पळवाट आधी दिसते.

"असतील. पण टूलरूममध्ये दुसऱ्याच्या कानशीला हात लावत नाहीत. प्रत्येकाचा हात वेगळा, त्याने कानशीचे दात बिघडतात. इफाने पहिल्या दिवशीच सांगितलंय." ते उठले. "गुरूचा शब्द आहे. तो मोडणार नाही मी."

आणि गेले. मी कानस मांडीवर घेऊन बसले. तिची लाकडी मूठ घामाने काळी पडली होती. कँटीनची बाई टेबल पुसायला आली, माझ्याकडे पाहिलं, मांडीवरच्या हत्याराकडे पाहिलं, आणि पलीकडचं टेबल पुसायला गेली.

सर परत आले तेव्हा चेहऱ्याचा रंग उडालेला होता.

"दिला," ते म्हणाले.

"आणि हात?"

"खिशात घालून उभा होतो. दोन्ही."

त्यांनी डबा ओढून मसालेभात खायला सुरुवात केली. शितं टेबलावर सांडत होती. अर्धा डबा झाल्यावर म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा वेळ संपायच्या आत पेपर देऊन बाहेर आलोय. काय करतात गं लोक या वेळात?" मी म्हटलं, "मैदानात जातात, सर." मग आम्ही बाहेर जाऊन वाऱ्यात उभे राहिलो. माझी जेवणाची सुट्टी केव्हाच संपली होती.

निकाल लागला त्या शुक्रवारी वहिनी स्वतः गाडी घेऊन त्यांना न्यायला आल्या होत्या. पास. नुसते पास. परीक्षकाने दोन कोपऱ्यांचे गुण कापले होते, दात खाचेत व्यवस्थित होता. वहिनींनी सरांचे दोन्ही चिरा पडलेले हात धरले आणि डॉक्टर पेशंटचे बघतात तसे उलटसुलट करून बघितले. मी मात्र सरळ रडले. मला लाज वाटत नाही ते सांगायला.

सरांनी कराडला आईला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर म्हाताऱ्या बाईचं अर्धं कपाळ आणि चष्म्याची एक काच दिसत होती.

"आई, परीक्षेचा निकाल लागला."

"हो का? कितवा आलास?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. पन्नाशीच्या माणसाचा चेहरा परीक्षेच्या दिवशी पाहिला होता त्याहून पांढरा झाला.

"इथे नंबर काढत नाहीत गं," ते हळूच म्हणाले. "पास झालो. नुसता पास."

"मग झालं की."

"तुला चालेल?"

"मला काय रे चालायचंय?" आई म्हणाल्या. "मला मेलीला नंबरातलं कुठे काय कळत होतं? तूच कोपऱ्यावरून ओरडत यायचास, आई विचार ना, कितवा आलो विचार ना. म्हणून मी विचारायचे."

वहिनी आधी हसल्या, मग मी. सर फोनकडे बघत राहिले. डोळे भरून आले होते. काहीतरी सांगायला, समजावायला, भर घालायला त्यांनी तोंड उघडलं. मग ते मिटलं, आणि नुसतं म्हणाले, "बरं."